अण्णांच्या कानावर चालणारी गाडी

८ जाने. ८४, रवि. वाशी

आज अण्णा ओरडले. नोंद करून ठेवण्यासारखी गोष्ट.

बॅटरी उतरू नये म्हणून सकाळी त्यांची गाडी सुरू करायला खाली गेलो. त्यांच्या भाच्यानं रत्नागिरीहून आणून सोसायटीच्या आवारात उभी केली, तेव्हापासून तिला कुणी हात लावलेला नाही. मला चालवता येत नाही, चावी फिरवता येते. फिरवली. ती गिअरमध्ये उभी आहे हे मला कसं कळावं? बेडकासारखी उडी मारली, तुळशीची कुंडी पाडली आणि गप्प झाली. लगेच वरून, आमच्या गॅलरीतून: "कोण गाढव आहे रे तो? क्लच! आधी क्लच दाबा!"

तळमजल्याचे कांबळे दात घासत बाहेर आलेले. "तुमचे सासरे बोलतात का ओ? मला वाटलं, मुके हायेत."

त्यांचं चुकलं नव्हतं. काचबिंदूनं दुसराही डोळा नेला, तेव्हा अण्णा रत्नागिरीचं बिऱ्हाड मोडून लेकीकडं, व.कडं, म्हणजे आमच्याकडं आले. तेव्हापासून गॅलरीतली खुर्ची, "हूं" आणि "नको". जेवण चिमणीचं. जिना एकदाही उतरलेले नाहीत. व. परवाच पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "असेच बसून राहिले तर अण्णा वर्ष काढायचे नाहीत हो." डॉक्टरही जरा सभ्य शब्दांत तेच म्हणाले.

वर आलो तर व. डोळे पुसत उभी. मला वाटलं, कुंडीसाठी.

"वेडे की काय! अख्खं वाक्य बोलले ते!"

वाक्यात गाढव होता, तो तिनं सोयीनं गाळला.

९ जाने.

चहाला अण्णा, भिंतीकडं तोंड करून: "शिकायचीय का गाडी?"

"या वयात?"

"वय गाडीचं बघतात. मी शिकवीन."

व.चं दूध उतू गेलं, तिनं जाऊ दिलं.

अण्णा रस्तेखात्यातले इंजिनियर. उभी हयात कोकणातले घाट आखण्यात आणि ही गाडी त्यांवरून नेण्यात गेली. मी? वेदपाठशाळा, मग संस्कृत घेऊन बी. ए., मग वर्तमानपत्र. यंत्र म्हणाल तर टाइपरायटर, तोही दोन बोटांनी.

१४ जाने. संक्रांत

शिकाऊ परवाना हातात. नियम असा की शेजारी परवानाधारक बसलेला हवा. अण्णांचा परवाना अजून जिवंत आहे आणि त्यावर दृष्टीविषयी अवाक्षर नाही. दुसऱ्या कुणी हा उद्योग केला असता तर मी चौकटीत बातमी दिली असती.

व. मागं बसून डोळ्यांचं काम करणार. "डावीकडं म्हैस", "समोर सायकल", असं मोठ्यानं सांगायचं. कान अण्णांचे, हातपाय माझे. सांख्यांनी आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसवून सृष्टी चालवून दाखवली. आमच्यात पांगळा मी. व.ला कुठं बसवायचं, याबद्दल सांख्य काही बोलत नाहीत.

१५ जाने. रवि.

अण्णा जिना उतरले! कोट घालून. व.च्या खांद्यावर हात. कांबळ्यांनी दार उघडून उभ्यानं नमस्कार केला, जणू मिरवणूकच.

बसण्याआधी बॉनेटवर तळहात फिरवला. "धूळ आहे." हे मला.

आज फक्त क्लच. "सावकाश सोडा. एका ठिकाणी तिचा आवाज खाली बसेल, अंग शहारेल. तिथं थांबा. तिथून पुढं ती तुमची."

बंद. बंद. गचका आणि बंद.

"तुम्ही पाय काढून घेताय. काढू नका. तो आपसूक वर येऊ दे."

आणि मग. कसं लिहू? आवाज खरंच खाली बसला. टाचेखालून एक शहारा आला, थेट मणक्यापर्यंत, आणि सोसायटीची भिंत मागं सरकायला लागली. एवढं लोखंड, तीन माणसं, एक सुटं चाक, सगळं माझ्या डाव्या तळपायाच्या मर्जीनं! मी त्या आश्चर्यात असताना व. मागून किंचाळली, "अहो, समोरचीही भिंतच आहे!"

अद्भुत रसाचा स्थायीभाव विस्मय. शास्त्रकारांनी त्याची लक्षणं दिलीत: डोळे विस्फारणं, रोमांच, घाम. गुडघा लटलटणं द्यायचं राहून गेलं.

१८ जाने.

डावी पोटरी कामातून गेली. संपादकांचा फोन: नव्या मुंबईची काय बातमी? म्हटलं, डास. म्हणाले, डास मागच्या आठवड्यात झाले.

अण्णांनी आज आपणहून विचारलं, रविवार कधी.

२२ जाने. रवि. नेरूळ

हे रस्ते बघून मी अजून थक्क होतो. घरं यायचीत, माणसं यायचीत, दुकानं यायचीत. रस्ते येऊन बसलेत. दुतर्फा दिव्यांचे खांब, कुणासाठी पेटतात देव जाणे. लग्नाच्या मांडवात वऱ्हाडाआधी पोचलेल्या भटजीसारखे.

अण्णा: "सांगा."

"काय सांगू?"

"दिसतंय ते. वार्ताहर ना तुम्ही?"

"रस्ता. सरळ. मधोमध एक बकरी."

"बकरी मला ऐकू येतेय. रस्ता सांगा."

नाही सांगता आला. मग त्यांनीच सांगितला. डाव्या अंगाला उतार जास्त दिलाय, पाणी तुंबणार नाही. इथं रस्त्याखाली पाण्याची मोरी आहे, चाकांचा आवाज पोकळ झाला बघा. "कंत्राटदार प्रामाणिक असावा. नाहीतर भित्रा." गाडी थांबवायला लावली, उतरले, वाकून डांबरावर हात टेकवला. बराच वेळ. एखाद्याचं पोर आपण कडेवर घ्यावं तसा चेहरा. व. खिडकीतून नुसती बघत होती, म्हैस-सायकल सगळं विसरून.

मग गिअर. या गाडीत गिअरचा दांडा स्टेअरिंगच्या बगलेत. पहिला वर, दुसरा खाली, मग जरा पुढं ढकलून पुन्हा वर, पुन्हा खाली. वर-खाली म्हटल्यावर माझ्या हातानं घात केला. पाठशाळेत स्वर असेच शिकलो, हाताच्या चढउतारानं; गुरुजी मनगट धरून खाली दाबायचे. दांडा हातात आला आणि आत कुठंतरी ऋचा सुरू झाली. हात तिच्या स्वरांबरोबर निघाला. ऋचेत स्वर चढला तिथं गाडीला दुसरा गिअर हवा होता. गाडी अशी करकरली की बकरी पळाली.

"काय म्हणताय मनात?"

"काही नाही."

"म्हणू नका. ती काय म्हणते ते ऐका."

२९ जाने. रवि.

बेलापूरच्या अंगाला गेलो होतो. दिवाळे गावच्या कोळणींनी नव्या रस्त्याचा अर्धा भाग सुकट वाळवायला घेतलेला. योग्यच आहे. एवढी स्वच्छ, सपाट, उन्हाळलेली जागा त्यांना आजवर कुणी दिली होती?

व.: "मासळी! अहो, मासळी!"

ब्रेक. क्लच राहिला. गचका, बंद. चाक सुकटापासून वीतभर.

एक बाई कमरेवर हात देऊन आली. "ओ! डोलं हायेत का नाय गारीत?"

अण्णा शांतपणे: "आहेत की. मागच्या सीटवर आहेत."

तिनं वाकून आत पाहिलं. आधी अण्णांना, मग माझ्या पांढऱ्या कल्ल्यांना, मग पुढच्या शिकाऊ पाटीवरच्या लाल 'एल'ला. "आगं बाय! आंधला शिकवतंय न म्हातारा शिकतंय! ये गं, बघ कशी मानसं आलीत!" चार जणी धावत आल्या. त्यांच्या हसण्यानं खाडीवरचे बगळे उठले असतील. आणि त्यात आणखी एक हसू मिसळलं, जाडं, खोकल्यासारखं. मी आधी ओळखलंच नाही. व.नं मागून माझा खांदा घट्ट दाबला.

बाईनं जाताना अण्णांच्या ओंजळीत सुकट ओतलं. "घे बाबा, चटनी कर. पन हिथून परत नको येऊ."

आमच्या घरात हे चालत नाही. अण्णांनी ते रुमालात बांधून मांडीवर घेतलं, तुर्भ्याच्या ट्रकांमधून वाशीपर्यंत सांभाळलं आणि कांबळ्यांच्या वहिनींच्या हाती दिलं. गाडी अजून वासते. अण्णा म्हणतात, वासू दे.

५ फेब्रु. रवि.

आज दुसऱ्याचा तिसरा झाला आणि मला कळलंच नाही. आवाज नाही, हिसका नाही. माशी एका फुलावरून उठून दुसऱ्यावर बसावी तशी. अण्णांनी फक्त बोटांनी गुडघ्यावर एक ठोका दिला. पाठशाळेत गुरुजींनी एवढी दाद कधी दिली नाही.

जेवायला अण्णांनी तिसरी भाकरी मागितली. कांबळे जिन्यात भेटले: "काय ओ, तुमचे सासरे शिट्टी मारत वर गेले सकाळी. जुनं गाणं होतं."

१२ फेब्रु. रवि.

परतताना अण्णा: "परीक्षा देऊन टाका आता. पुढच्या महिन्यात."

"अजून गाडी उलटी न्यायला जमत नाही."

"जमतं. नुसते घाबरता. जावईबापू, तुम्ही झालात तयार. माझं काम संपलं."

हे शेवटचं वाक्य अगदी सहज. टोपी काढून ठेवतात तसं. दुपारी खुर्चीत बसले ते संध्याकाळपर्यंत तसेच.

१३ फेब्रु.

व. धुणं वाळत घालताना: "परीक्षा झाली की पुन्हा तीच खुर्ची."

"मी चालवीन की. त्यांना फिरवून आणीन."

"फिरवून आणायला ते काय गाठोडं आहेत? शिकवतात म्हणून येतात ते."

बरोबर. मग मी एक शक्कल मांडली. तिला पटली नाही. पण 'करू नका' असंही म्हणाली नाही.

१९ फेब्रु. रवि.

शक्कल अमलात. चढावर दोनदा बंद पाडली. तिसरा घेताना करकर. अण्णा लगेच सरसावून बसले. "टाच, टाच! कुठं लक्ष आहे?" पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावलं. खूश होते. मीही. आरशात व.शी नजरानजर झाली, तिनं खिडकीबाहेर पाहिलं.

खोटं चुकणं खऱ्या चुकण्यापेक्षा अवघड आहे, ही आजची विद्या. पायाला आता बरोबर तेच येतं. त्याला बळंच बिघडवावं लागतं.

२६ फेब्रु. रवि.

पकडला गेलो.

नेरूळच्याच रस्त्यावर. गचका दिला, बंद पाडली. अण्णांनी डॅशबोर्डवर तळहात टेकवला. मग, "हा खोटा होता."

"म्हणजे?"

"माणूस खरंच चुकणार असतो तेव्हा आधी श्वास धरतो. तुम्ही निवांत श्वास घेत चुकलात. मागच्या रविवारीही. मला वाटलं, माझाच कान गेला." थांबून, मान न वळवता, "वत्सलेला माहीत होतं?"

मागच्या सीटवरून काही नाही.

"म्हणजे होतं." मग खालच्या आवाजात, "डोळे गेले माझे. खेळवायला घ्यावं इतका लहान नाही झालो अजून. घरी न्या. नीट न्या."

नीट नेली. आयुष्यात इतकी सुरेख गाडी मी चालवली नव्हती. तुर्भ्याला ट्रकांच्या रांगेतून, चढ, उतार, वळण, एक धक्का नाही. व.नं ट्रकसुद्धा सांगितले नाहीत. गरज पडली नाही. कुणाला सांगू हे कौतुक?

२८ फेब्रु.

खुर्ची. "हूं." "नको."

माफी मागायला गेलो. वाक्य संस्कृतप्रचुर होत गेलं, माझं नेहमीच होतं. अण्णांनी हात वर केला. "समजलं. जा, तुमच्या डासांचं लिहा."

भाकरी अर्धी. डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, याला औषध नसतं.

१ मार्च

व. माझ्यावर चिडलेली, त्यांच्यावर त्याहून. भांडी आपटत: "यांचा मान दुखावला म्हणे. माझं काय? मी शाळेत होते तेव्हा मागं लागले होते, अण्णा, मला शिकवा गाडी. रोज. काय म्हणाले माहितीय? 'तुला कशाला? तुझा नवरा चालवेल.'" मग माझ्याकडं नखशिखांत बघून, "आणि नवरा कुठला बघून दिला, तर वेदपाठी!"

दोघंही हसलो. मग ती हसायची थांबली. बराच वेळ तवा घासत होती, लख्ख झाल्यावरही.

३ मार्च, शनि.

परीक्षा पास. तपासणाऱ्या साहेबांनी विचारलं, कुठल्या स्कूलमध्ये शिकलात, हात छान बसलाय. म्हटलं, घरगुती.

अण्णांना सांगितलं. "अभिनंदन." तारेत पाठवतात तसं.

४ मार्च, रवि.

घडलं ते घडत असतानाच लिहितोय. खाली उभं राहणं सोसेना.

सकाळी आठच्या सुमाराला चहा घेत होतो. अण्णा खुर्चीत. व. पदर खोचून, काही न बोलता, खुंटीवरची चावी घेऊन खाली गेली. मला वाटलं, काच पुसायला.

गाडी सुरू झाली. पहिल्या फटक्यात. चोक बरोबर तेवढाच, गार इंजिनाला लागतो तेवढा.

अण्णांची मान वर. "तुम्ही इथं आहात?"

"हो."

"मग खाली कोण?"

उत्तर द्यायच्या आत आवाज खाली बसला. तो शहारा इथं पहिल्या मजल्यावर कळला. गाडी फाटकातून गेली. एक हिसका बसला, पण गेली. मी कठड्याला धरून उभा. व. चालवतेय! पंचवीस वर्षं जिला मी ओळखतो असं समजत होतो ती बाई स्टेअरिंगवर दोन्ही हात, पाठ ताठ, आणि रस्ता तिच्याकडं येतोय. शिकाऊ परवानाही नाही तिच्याजवळ. वार्ताहर या नात्यानं मी काहीही पाहिलेलं नाही.

अण्णा उभे राहिलेले. "दुसरा घेतला." ओठ हलत होते नुसते. "जरा लवकर घेतला. पण... कुणी शिकवलं तिला?"

"तुम्ही."

"मी?"

"मागं बसलेली असायची ती, अण्णा. दर रविवारी."

त्यांचा कान त्या आवाजाच्या मागं मागं चालला होता, पाण्याच्या टाकीपर्यंत, तिथून वळणावर. त्या चेहऱ्यावर काय होतं हे लिहायला मला शब्द नाही. मी नाटकं वाचली, टीका वाचल्या, विस्मयाचे प्रकार पाठ केले, माणसाच्या तोंडावर तो असा उजाडताना पाहिला नव्हता.

वळणाच्या पलीकडं गचका. बंद.

पुन्हा चावी. खर्र. बंद. पुन्हा. बंद.

"श्वास धरला असेल तिनं," अण्णा म्हणाले. आणि मग, "काठी कुठंय माझी?"

मी हात धरायला गेलो. "नको." जिना एकटे उतरले, कठड्याला धरून. खाली कांबळे पुढं झाले, त्यांनाही "नको". फाटकापाशी मात्र थबकले. काठी इकडं, तिकडं. रस्ता मोठा, मोकळा, आणि कुठूनही आवाज नाही. इंजिन गप्प. मी हाक मारणार इतक्यात वळणापलीकडून हॉर्न वाजला.

बारीक, एकदाच. मग थांबून पुन्हा.

तिला तिथून हे दिसणं शक्य नाही. मधे टाकी आहे. तरी वाजवतेय.

अण्णांनी तोंड आवाजाकडं वळवलं आणि चालायला लागले. मी मागं निघालो, तर पाठमोरेच म्हणाले, "मागं येऊ नका हो." कांबळ्यांनी माझी बाही धरली. "राहू दे ना. रविवारचं कोण येतंय या रस्त्याला."

म्हणून वर आलो, आणि हे लिहितोय. गॅलरीतून टाकीपर्यंत दिसतं. अण्णा डांबराच्या बरोबर मधोमध चाललेत, काठी न टेकता. हॉर्न वाजला की पाऊल जरा लांब पडतं. थांबला की तेही थांबतात. खाली कांबळ्यांच्या वहिनी फाटकाशी आल्यात, काय झालं विचारतायत, कांबळे त्यांना गप्प करतायत.

वळण आलं. कोट दिसेनासा झाला.

हॉर्न थांबला.

गाडीचं दार लागल्यासारखं वाटलं, की कुणाच्या तरी खिडकीचं असेल. इंजिन अजून सुरू झालेलं नाही. मी कान देऊन बसलोय.